भाजलेले लाकूड : कुठे वापरावे, कुठे वापरू नये



पावसाळा लागला की आपल्या पेडणे व डिचोली तालुक्यांतील घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते. मे महिन्यात सहज उघडणारे दार साओ जुआंवचा सण येईपर्यंत चौकटीत घट्ट बसते. खिडकीची झडप ओढून ओढून बिजागरी सैल होते. भाजीच्या मांडवाचा खांब वरून धडधाकट दिसतो आणि हात लावताच मुळाशी मोडतो. कौलाखालच्या वाशाला बोटाने दाबले तर बोट आत जाते. दोन-तीन वर्षांनी पुन्हा लाकूड, पुन्हा सुतार, पुन्हा खर्च.

अशा वेळी कोणी तरी सांगते की आता बाजारात उष्णतेवर भाजलेले लाकूड मिळते, ते पाणी धरत नाही, कुजत नाही, त्याला विषारी औषधही लागत नाही. हे कितपत खरे आहे? त्यासाठी जास्त पैसे मोजावेत काय? ते वाशाला चालेल काय, कुंपणाला चालेल काय? या प्रश्नांची उत्तरे या धड्यात पाहू. घराचे छप्पर आणि घरातल्या माणसांचे आरोग्य या दोन्हींशी या गोष्टीचा संबंध आहे, म्हणून धडा सावकाश वाचावा आणि घरातील सुतारकाम जाणणाऱ्या माणसालाही वाचून दाखवावा.

१. लाकडात पाणी कुठे असते?

लाकूड म्हणजे अतिशय बारीक नळ्यांची जुडी. जिवंत झाडात या नळ्यांच्या पोकळीत पाणी भरलेले असते आणि नळ्यांच्या भिंतीतही पाणी मुरलेले असते. पोकळीतले पाणी लवकर निघून जाते. भिंतीत मुरलेले पाणी मात्र चिवट असते.

ओल मोजण्याची रीत सोपी आहे. लाकडाचा तुकडा वजन करावा. मग तो पूर्ण सुकवून, म्हणजे वजन आणखी घटेनासे होईपर्यंत सुकवून, पुन्हा वजन करावा. जेवढे वजन घटले त्याला सुक्या वजनाने भागून शंभराने गुणावे. समजा ओला तुकडा ५२० ग्रॅम भरला आणि पूर्ण सुकल्यावर ४०० ग्रॅम राहिला. घट १२० ग्रॅम. म्हणजे त्यात ३० टक्के ओल होती. तोच तुकडा ४६० ग्रॅमवर असता तर ओल १५ टक्के झाली असती. नुकत्याच तोडलेल्या काही झाडांत सुक्या लाकडाइतकेच, कधी त्याहूनही जास्त पाणी असते.

ओल साधारण २८ ते ३० टक्क्यांवर आली की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि फक्त भिंतीतले पाणी उरते. इथपर्यंत लाकूड आक्रसत नाही. याच्या खाली ओल उतरू लागली की भिंती बारीक होतात, लाकूड आखडते, वाकते, चिरते. उलट ओल चढू लागली की ते फुगते.

लाकूड हवेशी सतत देवाणघेवाण करीत असते. हवा ओली असेल तर ते पाणी घेते, कोरडी असेल तर सोडते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत छपराखाली ठेवलेले साधे लाकूडही १८ ते २० टक्के ओल धरते. जानेवारी-फेब्रुवारीत आर्द्रता ६०-६५ टक्क्यांवर आली की तेच लाकूड ११-१२ टक्क्यांवर येते. म्हणजे पावसाचा एक थेंबही अंगावर न पडता दारातील ओल दर वर्षी सात-आठ टक्क्यांनी वर-खाली होते.

याचा हिशेब करू. कित्येक लाकडांची फळी ओलीच्या प्रत्येक टक्क्याला रुंदीत सुमारे पाव टक्का बदलते. ३० सेंटिमीटर रुंद फळीत ओल आठ टक्क्यांनी वाढली तर ती सुमारे सहा मिलिमीटर रुंद होते. दार चौकटीत अडकते ते यामुळे. सुताराने चूक केलीच असेल असे नाही. सागवान या बाबतीत शहाणे लाकूड आहे, ते कमी फुगते. म्हणून आपल्या पूर्वजांनी दारांसाठी सागवान पसंत केले.

२. कुज आणि कीड वेगवेगळ्या

लाकूड कुजते ते बुरशीमुळे. बुरशीला चार गोष्टी लागतात : खाणे, हवा, ऊब आणि ओल. खाणे म्हणजे लाकूडच. हवा आणि ऊब आपल्या गोव्यात बारमाही आहे. आपल्या हातात उरते ती फक्त ओल. लाकडाची ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी त्यात वाढू शकत नाही. पावसाळ्यात छपराखालचे लाकूड या रेषेच्या अगदी जवळ असते. एक कौल फुटले, भिंतीतून पाणी झिरपले, की ते रेषेपलीकडे जाते आणि कुज सुरू होते. म्हणून एका फुटक्या कौलाची किंमत कधी कधी अख्ख्या वाशाएवढी होते.

वाळवीचे तसे नाही. वाळवी आपले पाणी जमिनीतून आपणच घेऊन येते, मातीच्या नळीतून चढते आणि कोरडे लाकूडही खाते. बांबू पोखरून पिठासारखा भुसा पाडणारे बारीक भुंगे हे तिसरेच शत्रू. त्यांना बांबूतील पिष्ट आणि साखर हवी असते. कुज, वाळवी आणि भुंगा यांना एकच औषध लागू पडत नाही, हे ध्यानात ठेवावे. पुढचा सारा धडा या एका वाक्यावर उभा आहे.

३. उष्णता चार प्रकारची

‘उष्णता दिलेले लाकूड’ हे एकच नाव चार वेगळ्या गोष्टींना लावले जाते. फसगत होते ती इथेच.

पहिली उष्णता सुकवण्याची. उन्हा-वाऱ्यात, सावलीत किंवा सुकवणीच्या भट्टीत साधारण ५० ते ८० अंश सेल्सिअस उष्णतेवर लाकडातील पाणी काढतात. यात फक्त पाणी जाते, लाकूड तेच राहते. असे लाकूड पुढच्या पावसात पुन्हा ओल घेते. तरीही सुकवणे फार महत्त्वाचे आहे, कारण सुकलेले लाकूड कामाला घेतले तर ते नंतर चिरत आणि वाकत नाही.

दुसरी उष्णता कीड मारण्याची. परदेशातून येणाऱ्या यंत्रांच्या व मालाच्या लाकडी खोक्यांना आणि फळ्यांच्या पाटांना आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता सलग ३० मिनिटे द्यावी लागते. हा नियम २००२ साली ठरला. अशा लाकडावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि ‘एच टी’ ही इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. आपल्याकडे अशी खोकी मोडून त्यांचे लाकूड गोठ्याला, खुराड्याला वापरतात. ते वापरायला हरकत नाही. पण या शिक्क्याचा अर्थ एवढाच की त्या वेळी आत असलेली कीड मेली. लाकूड टिकाऊ झाले असा त्याचा अर्थ मुळीच नाही. उद्या वाळवी आली तर ती खुशाल खाईल. ‘एम बी’ ही अक्षरे असतील तर त्या लाकडाला विषारी वायूची धुरी दिलेली आहे. असे लाकूड घरात, गुरांच्या गव्हाणीला किंवा चुलीत वापरू नये.

तिसरी उष्णता भाजण्याची. हिचाच आज बोलबाला आहे. यात लाकूड १६० ते २२० अंशांच्या दरम्यान कित्येक तास ठेवतात. त्या उष्णतेला हवा लागली तर लाकूड पेट घेईल, म्हणून भट्टीत वाफ सोडतात किंवा हवा काढून निर्वात करतात. यात लाकडाची जातच जणू बदलते.

चौथी उष्णता जाळण्याची. खांबाचे टोक जाळून कोळसा करणे ही जुनी रीत सर्वांना ठाऊक आहे. तिच्याविषयी पुढे सांगू.

४. कच्चे मडके आणि भाजलेले मडके

डिचोलीच्या कुंभाराचे काम आपण पाहिलेले आहे. उन्हात वाळवलेले कच्चे मडके कितीही कडक वाटले तरी पाण्यात टाकले की पुन्हा चिखल होते. तेच मडके आव्यात भाजले की त्याची माती परत चिखल होत नाही. पण भाजलेले मडके हातातून पडले तर फुटते. शिवाय त्यात पाणी भरले तर ते बाहेरून पाझरते.

भाजलेल्या लाकडाचे अगदी असेच आहे, आणि तिन्ही गोष्टी त्याला लागू पडतात.

पहिली गोष्ट, ते हवेतली ओल कमी घेते. लाकडाच्या भिंतीत तीन मुख्य द्रव्ये असतात. एक लांब तंतूंचे, जे ताकद देते. दुसरे त्या तंतूंना चिकटून राहणारे, साखरेच्या आखूड साखळ्यांचे. तिसरे सर्वांना सांधणारे, सिमेंटसारखे. यांतील साखरेच्या आखूड साखळ्यांना पाण्याची फार ओढ असते, आणि बुरशीलाही त्या सर्वांत आधी खायला मिळतात. दोनशे अंशांच्या आसपास याच साखळ्या सर्वांत आधी तुटतात. त्यातून आंबट वासाचे आम्ल बाहेर पडते आणि लाकूड तपकिरी होते. पाणी धरून ठेवणारी जागाच कमी झाल्यामुळे चांगले भाजलेले लाकूड त्याच हवेत साध्या लाकडाच्या सुमारे निम्मी ओल धरते. जी फळी सहा मिलिमीटर फुगत होती ती सुमारे तीन मिलिमीटर फुगते. बुरशीचे खाणे आणि पाणी दोन्ही कमी झाल्याने कुजही उशिरा लागते.

दुसरी गोष्ट, त्याची ताकद घटते. ते ठिसूळ होते. किती भाजले त्यावर घट अवलंबून असते, पण जास्त भाजलेल्या लाकडाची वाकण्याची ताकद ३० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. खिळा सरळ ठोकला तर ते फुटते.

तिसरी गोष्ट, ते हवेतील ओल कमी घेत असले तरी साचलेले पाणी शोषते. फळीचे टोक डबक्यात उभे राहिले तर नळ्यांतून पाणी वर चढतेच. ‘पाणी धरत नाही’ या वाक्याचा अर्थ म्हणून नीट समजून घ्यावा.

ही विद्या एकदम आली नाही. अमेरिकेत १९४० च्या दशकात उष्णतेने लाकूड स्थिर करण्याचे पद्धतशीर प्रयोग झाले. पुढे जर्मनीत काम झाले. १९९० च्या दशकात फिनलंडने पाइन व स्प्रूस या आपल्या मऊ लाकडांवर वाफेच्या भट्टीची पद्धत बसवली आणि तिचा मोठा धंदा उभा राहिला. तिथे मऊ लाकडासाठी दोन प्रती ठरलेल्या आहेत : सुमारे १९० अंशांवर भाजलेली, जी फक्त फुगणे कमी व्हावे म्हणून असते, आणि सुमारे २१२ अंशांवर भाजलेली, जी उघड्यावर टिकावी म्हणून असते. आपल्या देशात बंगळूरच्या लाकूड-विज्ञान संस्थेने रबर, सिल्व्हर ओक आणि ऑस्ट्रेलियन अकेशिया या लाकडांवर असे प्रयोग केले आहेत.

यात आपल्याला रस वाटावा असे कारण आहे. खाणींच्या मातीच्या ढिगांवर लावलेला अकेशिया डिचोलीत सर्वांच्या पाहण्यातला आहे. शेजारच्या दोडामार्ग भागात रबराच्या बागा झाल्या आहेत आणि म्हातारे रबर पुढेमागे तोडावेच लागते. रबराचे लाकूड दिसायला चांगले, पण बुरशीला आणि भुंग्याला लगेच बळी पडते. अशा लाकडांना योग्य प्रक्रिया मिळाली तर रानातला साग आणि किंदळ तोडण्याची गरज तेवढी कमी होईल. आपल्या मुलांपैकी कोणाला लाकूडकामाचा धंदा काढायचा असेल तर हा विषय त्याने जरूर शिकावा.

५. कुठे चालते, कुठे चालत नाही

भाजलेले लाकूड चालते ते असे : दाराच्या व खिडक्यांच्या फळ्या, भिंतीवर लावायच्या पट्ट्या, सोप्यातील बाके, छत, पावसाचे उडते पाणी लागेल पण साचणार नाही अशा जागी. तिथे त्याचे न फुगणे उपयोगी पडते.

चालत नाही ते असे :

वासे, तुळया, पाटया : जिथे भार पेलायचा तिथे ठिसूळ लाकूड नको. कौलारू छपराचे वजन आणि वर चढलेल्या माणसाचे वजन यांचा प्रश्न आहे. पैसे वाचवण्याच्या किंवा नव्या गोष्टीच्या हौसेपायी माणसाच्या जिवाशी खेळू नये.

जमिनीत पुरायचे खांब : चांगली भाजलेली प्रतसुद्धा मातीत पुरण्यासाठी नसते. मातीची ओल कायम असते, आणि वाळवी तर भाजलेल्या लाकडालाही सोडत नाही. भाजल्याने वाळवी लागत नाही असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

खाजन शेतीचे मानस : तेरेखोल आणि शापोरा नद्यांच्या काठच्या खाजन जमिनींत बांधाच्या मानसाची दारे खाऱ्या पाण्यात असतात. तिथे लाकूड पोखरणारे खाऱ्या पाण्यातील किडे असतात. त्यांच्यापुढे भाजलेल्या लाकडाचा टिकाव लागत नाही. मानसाला जड, जुन्या झाडाचे गाभ्याचे लाकूडच हवे. दार बिघडले तर एका घराचे नव्हे, साऱ्या वाड्याचे भात खारे होते, म्हणून इथे प्रयोग करू नये.

विकत घेताना दुकानदाराला चार प्रश्न विचारावेत. लाकूड कोणत्या झाडाचे? किती अंशांवर भाजले? कोणत्या वापरासाठी म्हणून विकता? हे सारे बिलावर लिहून द्याल काय? जो लिहून देत नाही त्याच्याकडून महाग लाकूड घेऊ नये. बसवताना आधी भोक पाडून न गंजणाऱ्या पोलादाचे स्क्रू वापरावेत, कारण या लाकडातील आम्लाने साधा खिळा लवकर गंजतो व काळे डाग पडतात. उन्हात त्याचा तपकिरी रंग उडून ते राखाडी होते. रंग टिकवायचा असेल तर वरून तेलाचा हात द्यावा लागतो.

६. घरी भाजू नये, आणि खांबाचे टोक जाळण्याविषयी

काहींना वाटेल की काजूच्या हंगामात भट्टी पेटलेलीच असते, तिच्यावर फळ्या भाजल्या तर? तसे करू नये. दोनशे अंशांवर हवा लागलेले लाकूड पेटते. वरून जळते, आतून कच्चे राहते, मधून चिरते. वाफ, बंद भट्टी आणि उष्णतेवरचा ताबा यांशिवाय हे काम होत नाही. माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या मांडवाखाली तर असा विचारही करू नये.

आता खांबाच्या टोकाविषयी. कोळसा कुजत नाही हे खरे, पण कोळशाचा थर पातळ असतो. जाळताना लाकडाला चिरा पडतात आणि त्या चिरांतून ओल व बुरशी आतल्या लाकडापर्यंत जाते. बाहेर काळे कवच राहते आणि आतला गाभा कुजतो. अमेरिकेत मॅडिसन येथे १९१० पासून चालू असलेल्या सरकारी प्रयोगशाळेनेही खांब जाळण्याचा फायदा नगण्य असल्याचे म्हटले आहे. शिवाय खांब सर्वांत आधी कुजतो तो जमिनीच्या पातळीला, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. आपण मात्र फक्त खालचे टोक जाळतो. जपानात भिंतीच्या फळ्या वरून जाळण्याची जुनी कला आहे, पण त्या फळ्या भिंतीवर असतात, मातीत नव्हे.

७. आपल्या हातातले उपाय

महाग लाकूड घेतले नाही तरी पुढील गोष्टी प्रत्येक घराला करता येतात.

(अ) लाकूड वेळेवर तोडावे. पावसाळा संपल्यावर, थंडीच्या दिवसांत तोडलेले लाकूड सावकाश सुकते व कमी चिरते. तोडल्यावर साल काढावी. साल ठेवली तर तिच्याखाली ओल आणि कीड दोन्ही राहतात. आपल्याच जागेतले झाड असले तरी गोवा, दमण व दीव वृक्षसंरक्षण कायदा, १९८४ प्रमाणे तोडण्याआधी परवानगी घ्यावी.

(आ) सावलीत सुकवावे. जमिनीपासून हातभर उंच दगडांवर, फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून, वारा खेळेल अशी चळत रचावी. वर छप्पर, बाजू मोकळ्या. टोकांना चुना किंवा रंग लावला तर टोके चिरत नाहीत. इंचभर जाडीच्या फळीला काही महिने लागतात. त्यात घाई करू नये. दार बसवायचे ते असे सुकलेल्या लाकडाचेच.

(इ) गाभ्याचे लाकूड निवडावे. कोणत्याही झाडाचे सालीकडचे पांढरे लाकूड लवकर जाते, मग ते सागाचे का असेना. फणसाचा पिवळा गाभा चांगला टिकतो. आंबा आणि सावर आतल्या कोरड्या कामाला ठीक, बाहेर नकोत. माडाच्या खोडात बाहेरचा कडक भागच कामाचा, मधला मऊ भाग लगेच कुजतो.

(ई) लाकूड मातीला टेकू देऊ नये. सोप्याचा खांब जांभ्या दगडाच्या बैठकीवर उभा करावा. दर महिन्याला जोत्यावर वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतात का ते पाहावे. दिसल्यास नुसत्या मोडून थांबू नये, ती कुठून येते ते शोधावे. पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील एवढे छप्पर पुढे काढावे. फुटके कौल मिरगाआधी बदलावे.

(उ) बांबूला मुरवावे. आपल्याकडे बांबू वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवण्याची रीत आहे. ती शास्त्राला धरून आहे. पाण्यात बांबूतील साखर व पिष्ट निघून जाते आणि भुंग्याला खायला राहत नाही. नंतर सावलीत उभा करून सुकवावा. चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवलेला बांबू टिकतो तोही याच कुळातला उपाय : ऊब त्याला कोरडे ठेवते आणि धुरातील द्रव्ये किडीला नकोशी असतात.

छपराखाली वापरायच्या बांबूला व रीपांना टाकणखाराचे पाणीही देता येते. १०० लिटर पाण्यात ३ किलो टाकणखार आणि २ किलो बोरिक अॅसिड विरघळवावे. बांबूच्या पेरांना आतून भोके पाडून तो या पाण्यात आठवडा-दीड आठवडा पूर्ण बुडवून ठेवावा. हे औषध पावसाने धुऊन जाते, म्हणून उघड्यावरच्या मांडवाला त्याचा उपयोग नाही. द्रावण मुलांच्या व गुरांच्या हाती लागू देऊ नये, आणि उरलेले झाडांच्या मुळाशी किंवा विहिरीजवळ ओतू नये. त्याने झाडेही मरतात.

(ऊ) कुंपणाला जिवंत खांब लावावेत. पांगारा, गिरिपुष्प यांच्या फांद्या पावसाच्या सुरुवातीला रोवल्या तर फुटतात. त्यांच्यावर मिरवेल चढवता येते, गिरिपुष्पाचा पाला खताला होतो. जो खांब जिवंत आहे तो कुजत नाही आणि त्याला भाजावेही लागत नाही.

८. आरोग्याच्या दृष्टीने

लाकूड टिकवण्याच्या नादात घरात विष येऊ नये, म्हणून काही सूचना.

हिरवट छटेचे, औषध भरलेले खांब कधीही चुलीत घालू नयेत. तांबे, क्रोम व आर्सेनिक यांच्या क्षारांचे हे औषध १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम या भारतीय शास्त्रज्ञाने शोधले. साऱ्या जगाने ते वापरले, आणि लाखो खांब, पूल, तारेचे डांब त्याने वाचवले. पण त्यात आर्सेनिक आहे. जाळले तर ते धुरात आणि राखेत येते. ती राख भांडी घासायला किंवा भाजीच्या वाफ्याला वापरणे धोक्याचे. म्हणूनच अमेरिकेत २००३ अखेर घरगुती लाकडासाठी त्याचा वापर थांबवण्यात आला. अशा लाकडाला पाणी, चारा किंवा धान्य लागू देऊ नये.

काजूच्या टरफलाचे तेल होड्यांना व लाकडाला लावण्याची रीत किनाऱ्यावर जुनी आहे आणि ती उपयोगी आहे. पण हे तेल कातडीला लागले की भाजल्यासारखे फोड येतात. हातमोजे घालून, मुलांना दूर ठेवून काम करावे. मोटारीचे जळके काळे तेल मात्र लाकडाला लावू नये. ते फार दिवस टिकत नाही, कातडीला अपायकारक आहे आणि पावसाबरोबर जमिनीत व विहिरीत उतरते.

लाकूड तासताना व घासताना उडणारी बारीक पूड नाकात जाऊ देऊ नये. सुतारकाम करणाऱ्यांत वर्षानुवर्षे अशी पूड हुंगल्याने नाकाचा कर्करोग होऊ शकतो हे सिद्ध झालेले आहे. भाजलेल्या लाकडाची पूड तर अधिकच बारीक असते. नाकावर मुखपट्टी बांधावी आणि काम उघड्यावर करावे.

ओले लाकूड चुलीत घालू नये. त्याची बरीच ऊब आपलेच पाणी आटवण्यात जाते, आणि धूर फार होतो. त्या धुराने आईचे डोळे आणि लहान मुलांची छाती बिघडते. सुकी लाकडे मिरगाआधी छपराखाली रचून ठेवणे हे आरोग्याचेच काम आहे. तसेच भिंतीला टेकलेल्या ओल्या कपाटामागे बुरशी धरते. ज्या घरात दम्याचा माणूस आहे तिथे कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे आणि उघाडीच्या दिवशी खिडक्या उघडाव्यात.

९. थोडक्यात

सुकवलेले लाकूड आणि भाजलेले लाकूड वेगळे.
‘एच टी’ शिक्का म्हणजे कीड मेली, टिकाऊपणा आला नाही.
भाजलेले लाकूड कमी फुगते व उशिरा कुजते, पण ठिसूळ होते.
ते वाशाला नको, मातीत नको, खाऱ्या पाण्यात नको.
वाळवीवर भाजणे हा उपाय नव्हे.
औषध भरलेले लाकूड चुलीत घालू नये.

घरी चर्चेसाठी प्रश्न : आपल्या घरात लाकूड मातीला कुठे कुठे टेकले आहे? कोणत्या कौलातून पाणी गळते? अंगणात पडलेल्या जुन्या लाकडांत हिरवट, औषध भरलेला एखादा तुकडा आहे काय, आणि तो कोणी चुलीत घालणार नाही याची खात्री कशी कराल?

पवित्र शास्त्रात नोहाला तारू बांधायला सांगितले तेव्हा लाकूड कोणते घ्यावे हेही सांगितले आणि आतून-बाहेरून डांबर लावण्याची आज्ञाही झाली. संत जोसेफ सुतार होता. नाझरेथच्या घरात लाकूड निवडणे, सुकवणे आणि जोडणे हे रोजचे काम होते आणि प्रभू येशूने ते हात लावून केले. आपल्या घराच्या चौकटीकडे त्याच काळजीने पाहणे हीही एक प्रार्थनाच आहे, असे आम्हाला वाटते. मिरग येण्याआधी एक रविवार मिस्सानंतर घराभोवती फेरी मारावी, हातात एक सुरी घ्यावी, आणि प्रत्येक खांबाच्या मुळाशी ती टोचून पाहावी. जिथे सुरी सहज आत जाते तिथून काम सुरू करावे.